निंबाखाली उभा असलेला हात

आमच्या घरी गाडी आम्ही दोघं मिळून चालवायचो. हँडल ह्यांच्याकडे असायचं आणि हात माझा असायचा. वाचणाऱ्याला वाटेल, बाई आता संसारावर प्रवचन झोडणार. तसं काही नाही. वळण्याआधी रस्त्यावरच्या लोकांना जो हात दाखवतात, त्या हाताबद्दल मी बोलते आहे. तो दाखवायचं काम आमच्याकडे मागे बसणारीचं होतं.

सुरुवात सायकलपासून झाली. लग्नाच्या वेळी ह्यांच्याकडे एक उंच काळी सायकल होती आणि मी कॅरिअरवर बसायची. हे भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. कागदावर ह्यांचा हात इतका स्थिर, की फूटभर रेघ कुठे जाड-बारीक व्हायची नाही. पण सायकलवर एक हात सुटला की दुसरा बावचळायचा आणि सायकल झिंगल्यासारखी चालायची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नागपूरच्या बर्डी बाजारातून महाल भागातल्या घरी परतत होतो. चौकात उजवीकडे वळायचं होतं, मागून टांगा येत होता आणि ह्यांचा हात काही हँडल सोडेना. मी नवी नवरी, तोंड उघडायची सोय नाही. मागूनच हिरव्या चुड्याचा हात बाहेर काढला. टांगेवाल्यानं घोडा आवरला. घरी आल्यावर हे म्हणाले, "हे बरं आहे वं. तू हात दाखवत जाय, मी वळत जाईन." झालं. त्या दिवशी कामाची जी वाटणी झाली, ती नऊ वर्षं कुणी मोडली नाही.

सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा आमची स्कूटर आली. नंबर लावून सात वर्षं वाट पाहिली होती. ह्यांनी शिकाऊ लायसन काढलं आणि गाडीच्या पुढे-मागे लाल रंगात 'एल' रंगवला. तो इतका सुबक आला की पुसायला जीव होत नाही, असं हे सांगायचे. खरं कारण निराळं होतं. ह्यांना पक्क्या लायसनच्या परीक्षेची धास्ती होती. एक शिकाऊ लायसन संपलं की हे दुसरं काढायचे. असे तीन झाले. मी आपली मागे आडवी बसून, कमरेला पीळ देऊन हात दाखवत होते.

मग उन्हाळा लागता लागता सक्करदऱ्याच्या चौकात एका शिपायानं शिटी मारली.

"शिकाऊ हाय तं मांगं शिकवणारा पाह्यजे," तो ह्यांना म्हणाला.

"ह्या शिक्षिकाच आहेत जी," हे म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी महालातल्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते.

शिपाई माझ्याकडे वळला. "बाई, तुमचं लायसन?"

"माझं डी.एड. झालं आहे," मी म्हटलं.

त्याला हसू आलं म्हणून आम्ही सुटलो. पण जाताना त्यानं बजावलं, "आज जा. पुढच्या खेपेले डबलसीट दिसले तं गाडी चौकीत ठेवून घेईन."

त्यानंतर आठ दिवसांत माझ्या बदलीचा कागद आला. हुडकेश्वरची शाळा. आता तिथे घराला घर लागलं आहे, पण तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं. मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी. शाळा सकाळची, सातला प्रार्थना, आणि पहिली बस आठला पोचायची. तिथले मुख्याध्यापक सातच्या ठोक्याला फाटकाला कुलूप लावतात, बाहेर पोरगं असो की बाई, अशी त्यांची ख्याती होती. माझ्या आधीच्या बाई त्या कुलपाला कंटाळून नोकरी सोडून गेल्या होत्या. माहेरी असताना मी सायकल चालवायची, म्हणून सुटीतच एकदा सायकल मारून पाहिली. बाभळीच्या काट्यांनी दोनदा पंक्चर झालं. पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते.

म्हणजे इलाज एकच. ह्यांनी रोज सकाळी मला स्कूटरवर सोडायचं. त्यासाठी शाळा उघडायच्या आत ह्यांना पक्कं लायसन हवं, कारण तो शिपाई त्याच रस्त्यावर उभा राहायचा. नाहीतर मी नोकरी सोडायची.

हे एकदा चहा पिता पिता म्हणाले, "सोडून दे वं. माह्या पगारात भागते आपलं." चांगल्या मनानं म्हणाले होते, मला ठाऊक आहे. तरी मी दोन दिवस बोलले नाही. वडिलांशी भांडून मी शिकले होते. फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहिले की मी स्वतःला आवडायची. घरात तेवढी आवडत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी बर्डीच्या फुटपाथवरून वाहतुकीच्या नियमांचं एक पिवळं पुस्तक आणलं आणि ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"तुमचा अभ्यास."

पुस्तकाचं मराठी असं, की ते लिहिणाऱ्याला मी तिसरीत बसवलं असतं. 'चालकाने आपला उजवा बाहू खांद्याच्या पातळीत क्षितिजसमांतर प्रसृत करावा.' हे मी मोठ्यानं वाचलं. हे भाकरी मोडता मोडता थांबले. खिडकीबाहेर बघून म्हणाले, "क्षितिज कुठी आहे इथं? समोर तं पिठाची गिरणी आहे."

पुढच्या पानावर मात्र मीच गार पडले. नऊ वर्षं मी डावीकडे वळताना सरळ डावा हात लांब करत आले होते. पुस्तक म्हणत होतं, डावीकडे वळायचं असलं तरी उजवाच हात बाहेर काढायचा आणि जातं फिरवल्यासारखा गोल फिरवायचा. ती ओळ मी तीनदा वाचली. आपण इतकी वर्षं सगळ्या नागपूरला चुकीचं शिकवलं म्हणून लाज वाटली, आणि कायद्याचा रागही आला.

ह्यांचा राग माझ्यापेक्षा मोठा होता. स्कूटरला वेग देतात तो उजव्या मुठीनं. "उजव्या मुठीत गाडीचा जीव," हे म्हणाले. "ते सोडली का गाडी बसते. आन् कायदा म्हणते उजवाच हात काढ. हा कायदा काय बैलगाडीवाल्यानं केला?"

"मोटारवाल्यानं केला असेल. परीक्षा तुमची आहे, कायद्याची नाही."

पाट्या ओळखता याव्यात म्हणून मी ह्यांना त्या पुठ्ठ्यावर काढायला लावल्या. तिथे गडी रंगात आला. वळणाची पाटी, पुलाची पाटी, फाटकाची पाटी, सगळ्या काळ्या शाईत, समास सोडून, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण. अर्थ विचारला की मात्र विठ्ठल विठ्ठल. शेवटी मी त्या पाट्या घरभर टांगल्या. लाडवाच्या डब्यावर 'उभे राहण्यास मनाई', न्हाणीच्या पायरीवर 'तीव्र उतार'. दाराला बाहेरून चुकून 'प्रवेश बंद' लागली. शेजारचे ट्रक ड्रायव्हर संध्याकाळी चहाला यायचे, ते त्या दिवशी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "आलतो न बाई. पाटी पाह्यली आन् वापस गेलो." तीस वर्षं ते कन्हानच्या खाणीवरून कोळसा वाहत होते. एवढ्या काळात पाळलेली ती त्यांची पहिली पाटी असावी.

त्यांना अक्षर येत नव्हतं, पण लायसन होतं. म्हणून ह्यांना माझ्यापेक्षा त्यांच्या ज्ञानाचा भरवसा. "बाबू, पुस्तक ठेव गा," ते सांगायचे. "अरुंद पूल आला, समोरून गाडी आली, तं पाहाचं. थे मोठी असन तं आपुन थांबाचं. लहान असन तं थे थांबते." हे मान डोलवायचे. मी पिवळं पुस्तक ताटलीवर आपटायची. या सगळ्या गोंधळात पुस्तक कुणाला पाठ होत होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

परीक्षा मे महिन्यात, सकाळी दहाला, उघड्या मैदानावर. इन्स्पेक्टर साहेब डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून छत्रीखाली खुर्चीत बसले होते. समोर डांबराची दोन रिकामी पिंपं ठेवली होती. परीक्षेला आलेल्यांच्या घरच्या माणसांनी तारेच्या कुंपणाबाहेर, निंबाच्या झाडाखाली उभं राहायचं होतं. ऊन लागू नये म्हणून मी ह्यांच्या खिशात कांदा घातला आणि निंबाखाली जाऊन उभी राहिले. वाटत होतं, परीक्षा माझी असती तरी बरं झालं असतं.

पिंपांभोवती इंग्रजी आठ काढायचा होता. ह्यांनी असा आठ काढला, की साहेब खुर्चीतून उठून धुळीतली चाकाची खूण बघायला गेले. कंपासनं काढल्यासारखा दिसत होता. "सुंदर," साहेब म्हणाले. "आता तोच परत काढा, हाताचे इशारे दाखवत."

हे पिंपापर्यंत गेले आणि थांबले. मागे वळून पाहिलं. मागची सीट रिकामी. परत एक फेरी घेऊन आले आणि त्याच जागी परत थांबले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हात नाही."

"दोन तर दिसताहेत मला."

"हे गाडीचे आहेत जी. दाखवायचा हात तिकडे निंबाखाली उभा आहे."

साहेबांनी निंबाकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण माझा हात खरोखरच बाहेर आलेला होता. खांद्याच्या पातळीत, क्षितिजसमांतर. माझ्या बाजूला उभा असलेला माणूस तो लागू नये म्हणून दोन पावलं सरकला होता. कधी वर गेला ते मला कळलंही नाही.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पंधरा दिवसांनी या," ते ह्यांना म्हणाले. "येताना हात घेऊन या."

घरी आलो. शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच दोष दिला. "बाई, तुमीच हात देनं बंद करा. पोट्टं चालाले शिकते तं बोट सोडाच लागते." बोलणं बरोबर होतं. मी ठरवलं, आता हात द्यायचा नाही.

त्या रविवारी आम्ही जरीपटक्याच्या बाजाराला निघालो. नव्या शाळेसाठी मला दोन सुती पातळं घ्यायची होती आणि त्या अंगाला तो शिपाई नव्हता. इंदोऱ्याच्या चौकात डावीकडे वळायचं. चौक आला. मी दोन्ही हात पदराखाली घेऊन आभाळ बघत बसले. ह्यांनी गाडी हळू केली, वाट पाहिली, मागच्या गाडीनं भोंगा वाजवला, आणि आम्ही सरळ पुढे गेलो.

"वळले नाही?" मी विचारलं.

"हात नाही आला," हे म्हणाले.

पुढच्या वळणालाही तेच. मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःचा हात काढेल. ह्यांना वाटलं, आता तरी ही बाई हट्ट सोडेल. दोघांच्याही घरी हट्टाची कधी कमतरता नव्हती. जरीपटका मागे पडला. कामठी आली आणि गेली. ऊन तापायला लागलं. कन्हानच्या पुलाशी ह्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि म्हणाले, "अशीच बसली तं सांजेपर्यंत जबलपूरले पोचू."

नदी आटली होती. वाळूत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची लागवड, होती, तिथून ह्यांनी एक पिकलं डांगर आणलं आणि आम्ही पुलाच्या सावलीत बसून खाल्लं. मी खरं ते बोलले. म्हटलं, "मला शाळा सोडायची नाही. सोडावी लागली तर मी तुमच्याशी चांगली वागणार नाही. मला आत्ताच तुमचा राग येतो."

हे बराच वेळ बिया थुंकत बसले. मग म्हणाले, "मले मालूम आहे. पण तू हात काढते तं मले समजते का तू मांगचं पाहून राहिली. मी एकट्यानं हात काढला तं मांगं कोण आहे?"

मला रडू आलं, पण हात डांगराच्या रसानं बरबटलेले होते, म्हणून तेही नीट जमलं नाही. परतताना मीच हात दिला. नाहीतर आम्ही अजून कन्हानलाच असतो.

पण ह्यांनी मनावर घेतलं. दहा दिवस अंगणात गाडी उभी करून एकटे हात काढायचा सराव केला. दुसऱ्या परीक्षेला गेलो तेव्हा साहेब तेच, दुपट्टा तोच. मी निंबाखाली दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

ह्यांनी पहिल्याच पिंपाशी उजवा हात बाहेर काढला. ताठ, रेखीव. माझा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात मुठीतून सुटलेली गाडी बंद पडली. किक मारली, पुढे गेले, हात काढला, परत बंद. एका आठाला सात किका लागल्या. शर्ट घामानं अंगाला चिकटला. साहेबांनाच दया आली. "राहू द्या गाडी," ते म्हणाले. "तोंडी सांगा." त्यांनी पाट्यांचा तक्ता पुढे धरला. "ह्याचा अर्थ?"

ह्यांनी तक्ता निरखून पाहिला. "साहेब, ह्या दोन रेषा सारख्या वळल्या नाहीत. डावीकडची थोडी चुकली आहे."

"ती अरुंद पुलाची पाटी आहे. पुलावर समोरून गाडी आली तर काय कराल?"

"मोठी असली तर मी थांबीन. लहान असली तर ती थांबते."

"आणि तुमच्याएवढीच असली तर?"

ड्रायव्हरकाकांनी एवढं शिकवलं नव्हतं. ह्यांनी विचार केला. "मग दोघंही उतरून बोलू."

मला राहवेना. मी कुंपणाला चिकटले आणि खुणा करायला लागले. आधी बोटानं पूल दाखवला, मग एक गाडी, मग दुसरी, मग तळहातानं थांबा. ह्यांची नजर माझ्याकडे गेली, आणि ह्यांच्या मागोमाग साहेबांची.

"बाई, इकडे या."

मी तिसरीच्या पोरांना शेजाऱ्याच्या पाटीत डोकावलं म्हणून कोपऱ्यात उभं करत आले होते. त्या मैदानातून खुर्चीपर्यंत चालत जाताना ती सगळी पोरं मला आठवली.

"काय करता आपण?"

"शिक्षिका आहे."

"शोभतं का मग हे?"

"नाही," मी म्हटलं.

साहेब उन्हानं वैतागले होते. "एवढं येतं तर तुम्हीच सांगा," म्हणाले, आणि त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. मी पदर खोचला. पाचही इशारे करून दाखवले. उजवं वळण, डावं वळण, हळू, थांबा, आणि मागच्याला पुढे जाऊ देण्याचा. पूल सांगितला, की जो आधी पुलावर आला त्याला जाऊ द्यायचं, लहान-मोठं बघायचं नाही. शाळेजवळचं विचारलं तेव्हा म्हटलं, "वेग कमी करायचा, भोंगा वाजवायचा नाही, एवढं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असं, की चेंडू रस्त्यावर आला तर त्याच्या मागे पोरगं येतंच. म्हणून चेंडू दिसला की तिथेच थांबायचं."

साहेबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "ही गाडी घेऊन जायचं कुठे आहे तुम्हाला?"

मी हुडकेश्वर सांगितलं, सातची प्रार्थना सांगितली, कुलूप सांगितलं, बदलीचा कागद सांगितला.

"म्हणजे शाळा तुमची," साहेब म्हणाले, "घाई तुमची, पुस्तक तुम्हाला पाठ, आणि हातही तुमचाच. मग फॉर्म ह्यांचा कशाला?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं सांगते, हा विचार आमच्या घरात कुणाला शिवलाच नव्हता. स्कूटर घरात येते ती पुरुषाची, बाईनं मागे बसायचं, हे दोन वेळच्या जेवणाइतकं ठरलेलं होतं. ह्यांना नाही सुचलं याचं मला काही वाटलं नाही. मी शिकलेली बाई, मलाही सुचू नये, याची मात्र तिथे उन्हात उभं राहून स्वतःवरच चीड आली.

आधी हेच बोलले. "साहेब, नवा फॉर्म कुठी भेटते?"

हातात तीन आठवडे होते. शिकाऊ माणसामागे लायसनवाला हवा, तेव्हा कायद्यानं ड्रायव्हरकाकांना माझ्या मागे बसणं आलं. तीस वर्षं कोळशाचा ट्रक हाकलेला तो माणूस पहिल्या दिवशी गिरणीपर्यंत डोळे मिटून बसला. "बाई, मी उतरतो," म्हणाले, "मांगून पायी येतो. थेही शिकवनंच झालं." हात काढायच्या आधी डाव्या मुठीतला क्लच दाबून धरला की गाडी बंद पडत नाही, हे मला चौथ्या दिवशी उमगलं. धावत येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आधी काहून नाही सांगतलं वं?" आणि ह्यांनी न सांगता पुढच्या-मागच्या दोन्ही 'एल'ना लाल रंगाचा नवा हात दिला.

परीक्षेत माझा आठ काही सुंदर आला नाही. कोहळ्यासारखा आला. पण इशारे चुकले नाहीत आणि मधेच किक एकदाही मारावी लागली नाही. साहेबांनी सही करता करता निंबाकडे पाहिलं. तिथे हे उभे होते, दोन्ही हात खिशात घालून.

शाळा उघडायच्या दिवशी पहाटे मी गाडी काढली तर हे इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसायला तयार. मी म्हटलं, "कशाला?" तोवर हे सीटवर चढून बसलेही होते. सक्करदऱ्याचा चौक आला. तोच शिपाई. वळायचं होतं, म्हणून मी क्लच दाबला आणि उजवी मूठ सोडणार, एवढ्यात माझ्या खांद्याजवळून एक हात बाहेर आला. ताठ, खांद्याच्या पातळीत, क्षितिजसमांतर. नकाशावरच्या रेघेसारखा स्थिर. जरा म्हणून हलला नाही. शिपायानं पाहिलं, शिटी तोंडात धरली आणि तशीच खाली ठेवली. मी मूठ सोडली नाही. तशीच वळले.

पावणेसातला शाळेच्या फाटकाशी पोचलो. मुख्याध्यापक कुलूप हातात घेऊन उभे होते. हे उतरले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की हे परत कसे जाणार? गाडी मला दुपारी लागणार, ह्यांच्याकडे पक्कं लायसन नाही, आणि बस आठला.

"मग आले कशाला एवढ्या पहाटे?" मी विचारलं.

"मंग हात कोण दाखवन?" हे म्हणाले.

घंटा झाली आणि मी आत गेले. सातला फाटकाला कुलूप लागलं. पोरांना रांगेत उभं करताना मी बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, बाभळीच्या विरळ सावलीत, माझा हात आठच्या बसची वाट पाहत उभा होता.